वर कुठल्या बाजूला

तलावावर त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. पाण्याबाहेर सर म्हणजे अगदी साधा माणूस. ठेंगणे, पोट जरा सुटलेलं, चपला फरफटवत चालणारे. पण पाण्यात उतरले की तोच माणूस असा काही लांबलचक आणि हलका होऊन जायचा, की काठावर बसलेल्या आया आपल्या पोरांवर ओरडायचंही विसरत. नगरपालिकेच्या त्या तलावावर त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं गेली होती. अर्ध्या गावाला आपण पोहायला शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्या गावाला पाण्यातून ओढून काढलंय, असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

मूत्रपिंडाच्या दुखण्यानं त्यांना आडवं केलं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं ते एवढं वाढेल. ताप डोक्यात गेला, बडबड सुरू झाली. इस्पितळात दिवसरात्र सलाइन आणि इंजेक्शनं. बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. ती काम टाकून त्यांच्या उशाशी बसून राहिली. इंजेक्शनांनी जीव वाचला, त्यात शंकाच नाही. ताप उतरला, भूक लागली, सर परिचारिकांशी थट्टा करायला लागले. घरी सोडायच्या दिवशी ते खाटेवरून उठून उभे राहिले, आणि समोरची भिंत उठून त्यांच्या अंगावर आली.

‘‘अशक्तपणा आहे,’’ सगळे म्हणाले. ‘‘एवढं मोठं दुखणं झालं, भिंती हलायच्याच.’’

अशक्तपणा गेला. दंड भरले, गालांवर रंग आला. भिंती मात्र हलायच्या राहिनात. स्वस्थ बसलं, मान जागच्या जागी धरली, की सगळं ठाकठीक. पण पाऊल उचललं की रस्ता, दुकानं, माणसं, सगळं वरखाली उडायला लागायचं, जणू कुणी जग एका पाटीत घालून खडबडीत वाटेनं पळवत नेतंय. चालता चालता समोरच्या पाटीवरचं अक्षर वाचता येईना. ओळखीचा माणूस हात करून गेला तरी त्याचा चेहरा नुसता फेसाळलेला दिसायचा. लोकांना वाटलं, सरांना आजारपणानंतर शिंगं फुटली. एके सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले, आणि पुढच्या क्षणी ते न्हाणीघरात नळाखाली पडलेले होते. कसे पडले, कुठल्या बाजूला पडले, काही पत्ता नाही. तोल जातोय असं वाटलंसुद्धा नव्हतं. नुसती फरशी येऊन कपाळाला लागली.

‘‘घसरलो,’’ ते बायकोला म्हणाले.

‘‘कोरड्या फरशीवर?’’ ती म्हणाली, आणि जखमेवर हळद दाबत राहिली.

संध्याकाळी अंधारून आल्यावर ते पाय फाकवून, एक हात कुंपणांवरून फिरवत घरी यायचे. शेजारपाजारचे एकमेकांना कोपर मारत. ‘‘सर घेऊन आलेत वाटतं.’’ सरांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. बायकोचे वडील दारूपायी गेले होते आणि लग्नाआधी तिनं त्यांना एवढी एकच गोष्ट विचारली होती.

शेवटी ते कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डोकं गरगरतं तर कानाकडे का जायचं, हे त्यांना कळलं नव्हतं, पण औषधांच्या दुकानातल्या माणसानं तिकडेच पाठवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सरांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सरांनी अगदी खालची, मुंगीएवढी ओळही घडाघडा वाचली. मग बाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि डावीउजवीकडे हलकेच हलवत म्हणाल्या, ‘‘आता वाचा.’’

सरांना वरचं मोठं अक्षर तेवढं कसंबसं लागलं.

मग त्यांनी सरांना उताणं झोपवलं, मान थोडी उचलून धरली आणि कानात गार पाणी सोडलं. ‘‘गरगरेल,’’ त्यांनी आधीच सांगितलं. ‘‘खोली फिरायला लागेल, मळमळेल. घाबरू नका, लगेच थांबतं. बादली ठेवलीय.’’

सर खाटेची कड घट्ट धरून वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. दुसऱ्या कानात. काहीच नाही. बाईंनी बर्फ मागवला आणि बर्फाचं पाणी सोडलं.

‘‘काय वाटतंय?’’

‘‘छान वाटतंय,’’ सर खुशीत म्हणाले. ‘‘गारेगार. मला नाही कसली मळमळ होत हं, पाण्यातला माणूस आहे मी.’’ आपण परीक्षेत पहिले आलो असंच त्यांना वाटलं होतं. पण बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी बादली पायानं हळूच बाजूला सारली आणि स्टूल ओढून जवळ बसल्या.

‘‘कानाला आपण ऐकण्याचंच इंद्रिय समजतो,’’ त्या म्हणाल्या. आता त्या सावकाश बोलत होत्या. ‘‘पण आत, हाडामध्ये, आणखी एक इंद्रिय बसलेलं असतं. दोन्ही बाजूंना तीन तीन बारीक नळ्या, बांगडीसारख्या वळलेल्या. त्यांत पाणी असतं.’’

‘‘पाणी?’’

‘‘हो. डोकं वळलं की नळी वळते, पण आतलं पाणी जरा मागे रेंगाळतं. त्या पाण्यात केसांसारखे तंतू असतात, ते वाकतात. ती खबर डोळ्यांना जाते, मानेला जाते, पायांना जाते. म्हणून तर आपण धावत असलो तरी जग जागच्या जागी दिसतं. शेजारीच दोन लहानशा पिशव्या असतात, त्यांत चुन्याचे बारीक खडे. त्यांच्या वजनावरून आपल्याला कळतं, खाली कुठे आणि वर कुठे. डोळे मिटले तरी कळतं. हे इंद्रिय इतकं गुपचूप काम करतं की त्याला आपल्या रोजच्या बोलण्यात नावसुद्धा नाही. गेलं की कळतं, होतं म्हणून.’’

‘‘आणि माझं?’’

‘‘तुम्हाला दिलेली इंजेक्शनं. त्यांनी मूत्रपिंड वाचलं, जीव वाचला. पण कधी कधी ती ते तंतू जाळून टाकतात. ऐकू तुम्हाला नीट येतंय, कारण ऐकण्याचे तंतू वाचलेत. तोलाचे गेले. दोन्ही बाजूंचे.’’

‘‘परत कधी येतात?’’

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

‘‘ते परत उगवत नाहीत. पण मेंदू शिकतो. डोळे आणि तळपाय यांच्यावर काम भागवायला शिकतो. व्यायाम आहेत, मी देते. मात्र अंधारात डोळ्यांचा आधार जातो, तेव्हा जपायचं. आणि पाण्यात तर...’’ त्यांनी सरांकडे पाहिलं. ‘‘पाण्यात पायांखालची जमीनही जाते. डोकं पाण्याखाली गेलं आणि दिसेनासं झालं, तर वर कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला कळणार नाही. यापुढे पोहणं बंद. तुम्ही काम काय करता?’’

‘‘कारकून आहे,’’ सर म्हणाले. ‘‘टेबलावरचं काम.’’

‘‘मग बरंय,’’ बाई म्हणाल्या आणि त्यांना खरंच हायसं वाटलेलं दिसलं.

कारकून हा शब्द तोंडातून कसा निघाला, ते सरांना सांगता आलं नसतं. घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घातली. तोल जमिनीवर लागतो. पाण्यात पडायला जागाच कुठे आहे? आणि आपल्याला पाणी शिकवायला निघालेली ही बाई आहे कोण? पण पुढे कितीतरी आठवडे त्यांनी तलावात पाऊल टाकलं नाही. काठावर खुर्ची टाकून बसायचे, शिट्टी वाजवायचे, बसल्या जागेवरून ‘‘कोपर उचल! पाय सरळ!’’ ओरडायचे. पाण्यात उतरायचं सगळं काम ताईवर आलं. ताई म्हणजे तलावावरची दुसरी प्रशिक्षक. परकर-पोलक्याच्या वयापासून ती सरांच्या हाताखाली शिकली होती आणि आता बायकांची तुकडी सांभाळत होती.

‘‘सर, तुम्ही पाण्यावर रुसलात का?’’ तिनं एकदा विचारलं.

‘‘डॉक्टरांनी जरा दमानं घ्यायला सांगितलंय.’’

‘‘मग सुट्टी घ्या ना. माझी काय ना नाही, पण खोल बाजूला एकटी मी पुरी पडत नाही.’’

‘‘मी आहे ना इथे,’’ सर म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते वाक्य ऐकवेना.

त्या दिवसांत संध्याकाळच्या तुकडीत एक म्हातारे गृहस्थ यायचे. टपालखात्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणत. जन्मभर सायकल हाणली, आता गुडघे धरले होते, आणि कुणीतरी पोहायचा सल्ला दिला होता. पाण्याला भयंकर भ्यायचे. काठालगतची, पाणी वाहून जायची पन्हळ घट्ट धरून, तोंड वाकडं करून पाय मारायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, ‘‘सर, बघताय ना?’’

‘‘बघतोय काका. डोळ्यांत तेल घालून बघतोय.’’

त्या आठवड्यात गाळणयंत्र बिघडलं होतं. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं, तळ दिसत नव्हता. ताईनं मॅनेजरला तलाव बंद ठेवायला सांगितलं, पण मॅनेजर म्हणाला, आज दुरुस्त होईल, उद्या दुरुस्त होईल, आणि दार उघडंच राहिलं. त्या संध्याकाळी आभाळ भरून आलेलं. दिवे अजून लावले नव्हते. ताई उथळ बाजूला एका नव्या बाईला तरंगायला शिकवत होती. पोस्टमनकाका पन्हळीला धरून सरकत सरकत, कुणाच्या लक्षात यायच्या आत, दोरीपलीकडे खोल बाजूला गेले. पोटरीत गोळा आला असावा. त्यांनी एकदम हात सोडला. ओरडलेसुद्धा नाहीत. पाण्यावर त्यांचं टक्कल एकदा दिसलं, आणि मग नुसतं पाणी.

सरांनी विचार केला नाही. खुर्ची मागे कलंडली आणि ते हवेत होते.

पाण्याचा गार स्पर्श झाला तेव्हा त्यांना, खरं सांगायचं तर, आनंद झाला. आपल्या घरी आल्यासारखा. दोन हात मारले आणि बोटांना काकांचा दंड लागला. तेवढ्यात काकांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली, जशी सगळेच बुडणारे मारतात. सरांना ती सोडवायची कला तोंडपाठ होती. हनुवटी छातीशी, खांद्याला हिसका, एक गिरकी. मिठी सुटली. त्यांनी काकांना कमरेला धरून वर लोटलं आणि त्या धक्क्यानं अंग गर्रकन फिरलं, तसे मागोमाग स्वतः वर निघाले.

हात मारला. मग दुसरा. वर यायला दोन हात पुरतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी तिसरा मारला, चौथा मारला. सगळीकडे तोच पांढुरका अंधार. उजेड कुठूनच येत नव्हता. डोकं कशावर तरी आपटलं, गुळगुळीत, गार. भिंत, त्यांना वाटलं, म्हणजे काठाशी आलो. भिंतीला धरून वर जावं म्हणून त्यांनी तिच्यावर हात सरकवले, सरकवत राहिले, पण ती भिंत संपेचना. पन्हळ लागेना. छाती फुटायला आली. वर कुठे आहे? आयुष्यात हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. कुणालाच पडत नाही. त्यांनी सगळ्या दिशांना हातपाय झाडले आणि सगळ्या दिशा सारख्याच निघाल्या. मग तोंड आपोआप उघडलं आणि पाणी आत आलं.

पोस्टमनकाका मात्र वर आले होते. ज्यांना धड पाय मारता येत नव्हते ते म्हातारे, लोटल्यासरशी बाणासारखे वर येऊन, पन्हळीला लटकून खोकत होते आणि बोंब मारत होते, ‘‘सर खाली आहेत! सर वर आले नाहीत!’’

ताईनं सूर मारला. सरांना तिनं केसांना धरून बाहेर ओढलं, पालथं घातलं, मग उताणं करून छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. पाणी ओकून सर शुद्धीवर आले तेव्हा भोवती माणसांचं कोंडाळं होतं. ती सगळी पांगल्यावर ताई त्यांच्या शेजारी ओल्या अंगानंच बसून राहिली. तिचे दात वाजत होते.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही तळाशी होता. फरशीवर डोकं टेकवून पोहत होता. बेशुद्ध नव्हता, हात मारत होता. एकदम सुरेख, शिकवता तसेच. फक्त खालच्या बाजूला. काय झालंय तुम्हाला?’’

सरांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. त्याला घाम फुटला होता. गढूळ पाण्यात तलाव चालू ठेवला हे वर कळलं तर त्याचीच मानगूट धरली जाणार होती. ‘‘सर, मला काहीतरी कारण कळवावं लागेल. पोहणारा माणूस स्वतःच बुडतो म्हणजे काय? लोक तर वेगळंच बोलतायत.’’ तो टेबलावर पुढे झुकला. ‘‘घेतली होती का?’’

सरांच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते असं. दारू सुटते. तलावाचा पहारेकरी दोनदा कामावर पिऊन सापडला होता. दोन्ही वेळा महिनाभर घरी बसला, हात जोडले, पुन्हा कामावर आला. दारुड्याला माफी मिळते, कारण तो उद्या सुधारू शकतो. जळलेले तंतू काही सुधारत नाहीत. खरं सांगितलं तर पाणी कायमचं गेलं.

‘‘थोडी,’’ सर म्हणाले.

मॅनेजरनं सुटकेचा निःश्वास टाकला. महिनाभराचं निलंबन.

बायकोला ते दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. ती दुपारीच घरी आली. पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचून सरांसमोर उभी राहिली.

‘‘तुम्ही म्हणे कबूल केलंत.’’

‘‘हो.’’

‘‘मी वडिलांना रोज दारातून आत घेतलंय. प्यालेला माणूस मला पाठमोरा कळतो. तो भिंतीवर आपटतो आणि मग भिंतीला शिव्या देतो. तुम्ही पाऊल टाकायच्या आधी भिंत शोधता. तुम्ही प्यायला नव्हता. मग काय झालंय ते आता सांगा, नाहीतर मी चालले.’’

सरांनी सांगितलं. न्हाणीघरातलं पडणं, कानातलं बर्फाचं पाणी, कारकून म्हणून मारलेली थाप, फरशीवर पोहणं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं डोळे पुसले, पण बोलली तेव्हा आवाजात ओल नव्हती.

‘‘म्हणजे बाहेर मी दारुड्याची बायको आणि घरात खोटारड्याची. बरी सोय लावलीत माझी.’’

‘‘अगं, महिन्याचा तर प्रश्न आहे. मेंदू शिकतो म्हणाल्या बाई. मी शिकेन.’’

‘‘आणि नाही शिकला तर?’’

‘‘मला दुसरं काय येतं?’’ सर एकदम ओरडले. त्यांच्या तोंडून असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ‘‘सांग ना! पाण्याबाहेर मी काय आहे? साधं सरळ चालताही येत नाही मला!’’

ती आत निघून गेली. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहत होती एवढंच.

सर हट्टाला पेटले. दाराआड डोळे मिटून उभे राहायचे आणि कलंडायचे. मान हलवत वाचायचे, ओकारी येईपर्यंत. शेवटी तलाव बंद असायच्या दिवशी त्यांनी ताईला गळ घातली. खरं काय ते तिला सांगितलं आणि म्हणाले, ‘‘उथळ बाजूला. कमरेएवढं पाणी. तू शेजारी उभी राहा. मला बघायचंय.’’

‘‘सर, नको.’’

‘‘तुला मी तरंगायला शिकवलं तेव्हा तूही नको म्हणाली होतीस.’’

पाणी आता स्वच्छ होतं, निळं, तळाच्या फरशा मोजता याव्यात असं. सरांनी डोळे मिटले, पाय उचलले आणि एक कोलांटी मारली. मग उभं राहायचं म्हणून पाय सोडले. पाय पाण्यातच लाथा मारत राहिले. हात कशाला तरी लागले. पृष्ठभाग असेल म्हणून त्यांनी जोर लावला. ती फरशी होती. डोळे उघडायचे नाहीत असं स्वतःलाच बजावलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात, जिथे पहिल्या दिवशीची पोरं खेळतात, तिथे ते वर शोधत गोल गोल फिरत राहिले, आणि ताईनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं तोवर नाकातोंडात पाणी गेलेलं होतं.

‘‘पुन्हा,’’ सर खोकत म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘पुन्हा एकदा, ताई. आता जमेल.’’

‘‘मी नाही बघू शकत हे!’’ ती रडायलाच लागली. ‘‘तुमच्या पाया पडते सर, बाहेर चला.’’

ते तरीही थांबले नसते. पण त्याच आठवड्यात पोस्टमनकाका घरी आले. इस्त्रीचा सदरा, हातात केळी, चेहरा उजळलेला.

‘‘सर, तुमचं नाव धुऊन काढलं मी!’’ बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. ‘‘नगरपालिकेत साहेबांपर्यंत गेलो. म्हटलं, माझ्या नाकाला नाक लागलं होतं त्यांचं, दारूचा वास असता तर मला आला नसता? गढूळ पाण्याचंही सांगितलं. साहेब म्हणाले, चौकशी करतो. सर सोमवारी येऊन एवढंच सांगोत की मी प्यायलो नव्हतो, पाण्यात दिसत नव्हतं म्हणून अपघात झाला. निलंबन रद्द. दोष मॅनेजरचा.’’

याहून सोपं काय असणार? त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. प्यायलो नव्हतो. दिसत नव्हतं. आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं होतं. बायको ऐकत होती.

‘‘मी तर पोहणं सोडलंच होतं भीतीनं,’’ काका सांगत होते. ‘‘पण तुम्ही असाल तर पुन्हा येईन. आणि नातीलाही आणतो. सहा वर्षांची आहे, फार चळवळी. म्हटलं, तुमच्या हातात दिली की मला घोर नाही.’’

सर समोरच्या केळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘नातीला आणू नका काका.’’

आणि त्यांनी सगळं सांगितलं.

सरांना वाटलं होतं, काका पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही.

‘‘म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, बघताय ना. आणि तुम्ही हो म्हणत होता.’’

‘‘मी उडी मारली काका.’’

‘‘मारलीत. तुम्ही लोटलं म्हणूनच मी वर आलो, ते मी विसरणार नाही.’’ काका गुडघ्यांवर हात दाबत उठले. ‘‘पण तुमच्या जागी धड माणूस बसला असता, तर मला दोरीपलीकडे जाऊच दिलं नसतं. मी तुमच्यासाठी भांडत होतो सर.’’ दारात त्यांनी चपला घालताना कुणाचा आधार घेतला नाही. पुढे कधी रस्त्यात भेटले तर ते मान हलवायचे, थांबायचे नाहीत.

सोमवारी बायको सरांबरोबर गेली. जायचं ठरलं असं काही बोलणं झालं नव्हतं. सर चपला घालत होते तेव्हा ती बाहेरच्या साडीत येऊन उभी राहिली, एवढंच. साहेबांसमोर सरांनी एका दमात सांगून टाकलं. साहेब भला माणूस होता. त्यानं दोनदा विचारलं, ‘‘पक्कं आहे ना? काही उपाय?’’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘पाणीपट्टीच्या खिडकीवर एक जागा आहे.’’ ऐकून बायकोला हसू आलं आणि तिनं ते तोंडावर पदर धरून दाबलं. खिडकीवर कारकून! सरांना मात्र हसता आलं नाही. मॅनेजरला ताकीद मिळाली, तलाव ताईच्या हाती आला.

व्यायाम चालू राहिले. हाताचा अंगठा समोर धरायचा, त्याच्यावर नजर ठेवून मान हलवायची, सकाळ-संध्याकाळ. कित्येक महिन्यांनी दुकानांच्या पाट्या पुन्हा वाचता यायला लागल्या, अगदी सावकाश चाललं तर. डॉक्टरीणबाईंना खरं काम सांगायला ते गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही पाण्याबाहेर आहात ना, मग झालं.’’ खिडकीवरचं काम ते चोख करायचे. ओळीतले लोक अजून ‘सर’ म्हणायचे आणि आपल्या पोराला कुठल्या तुकडीत घालावं ते विचारायचे. ते सांगायचे. मग पुढच्या माणसाला बोलवायचे.

एका संध्याकाळी बायको दुकानातून थेट कचेरीवर आली आणि दोघं बाजार करून घरी निघाली. रस्त्यात माणसांची वर्दळ होती. एकाएकी सगळ्या गल्लीतले दिवे गेले. काळामिट्ट अंधार. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी हसलं, पावलं आजूबाजूनं जात राहिली. सर जागीच थिजले. फरशी नाही, भिंत नाही, आभाळ नाही; आपण उभे आहोत की झुकलोय, काही कळेना. पुन्हा त्या पांढुरक्या पाण्यात असल्यासारखा त्यांचा श्वास अडकला. बायकोनं पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांचे दोन्ही दंड पकडले.

‘‘इथे आहे मी. पाय फाकवून उभे राहा. टाचा टेकवा.’’

‘‘येतील ना दिवे?’’

‘‘येतील.’’

ते तसेच उभे राहिले. आणि इतक्या महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं. सरांचा बांध फुटला. भर रस्त्यात, पोरासारखे हुंदके देत ते म्हणाले, ‘‘मला पाण्यात जायचंय गं. एकदाच. मला दुसरं काही नको.’’

समजूत घालायला तिच्याजवळ काही नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिनं पकड घट्ट केली.

‘‘रडायचं तर रडा,’’ ती म्हणाली. ‘‘पण पाय हलवू नका.’’